भूकंपाने हादरलेले शहर किती दिवसांत सावरेल, हे आधीच कसे मोजतात

९ फेब्रुवारी १९७१ रोजी पहाटे दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो खोऱ्यात ६.६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची नवी कोरी इमारत वापरात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. इमारतीला लागून उभे असलेले जिन्यांचे मनोरे कलंडून पडले, खालच्या मजल्यांवरचे काँक्रीटचे खांब चिरडले गेले आणि ज्या छपराखाली रुग्णवाहिका उभ्या होत्या ते छप्पर त्यांच्यावरच कोसळले. तिथे तीन माणसे दगावली. त्यांपैकी दोन रुग्ण ढिगाऱ्याखाली सापडलेले नव्हते. वीज गेली, त्यांना जगवणारी यंत्रे बंद पडली आणि ते गेले.

ती इमारत पाडून त्याच जागी नवे रुग्णालय बांधण्यात आले आणि या वेळी पोलादी भिंती घालून सांगाडा अतिशय भक्कम करण्यात आला. त्याची परीक्षा १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजच्या ६.७ मॅग्निट्यूडच्या भूकंपात झाली. रुग्णालयाच्या छतावर नोंदलेले त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून अधिक होते, तरी सांगाड्याला म्हणण्यासारखी इजा झाली नाही. मात्र आग विझवण्यासाठी छतात बसवलेल्या स्प्रिंकलरच्या आणि वातानुकूलनाच्या थंड पाण्याच्या नळ्या तुटल्या, मजल्यांवर पाणी पसरले आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. सांगाडा पास झाला आणि रुग्णालय नापास झाले. त्याच दिवशी, त्याच भूकंपात, लॉस एंजेलिसमधील दुसरे एक आठ मजली विद्यापीठ रुग्णालय काम न थांबवता चालू राहिले, कारण ती इमारत जमिनीत थेट रोवलेली नव्हती. तिच्या आणि पायाच्या मध्ये रबर व पोलादाचे थर असलेली बेअरिंग होती आणि जमिनीची बरीचशी हालचाल त्या बेअरिंगनीच पचवली.

एखादे शहर भूकंपापुढे किती टिकेल याचे मूल्यमापन करायचे म्हणजे नेमके काय मोजायचे, हे या दोन रुग्णालयांकडे पाहिले की उमगू लागते. किती इमारती पडतील आणि किती माणसांचा जीव जाईल हा हिशेब पहिला आहे, त्याला कोणताही पर्याय नाही. पण तो अर्धा हिशेब आहे. उरलेला अर्धा काळाचा आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येईल, शाळा कधी भरेल, ज्यांची घरे उभी आहेत त्यांना त्यांत झोपता येईल का, पोटापाण्याचे व्यवसाय पुन्हा सुरू होईपर्यंत माणसे शहरात थांबतील का, हे सगळे आधीच अंदाजता येते. तसा अंदाज बांधण्याच्या शास्त्राला इंग्रजी शब्दाचाच आधार घेऊन रेझिलियन्सचे मूल्यमापन म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘लवचीकता’ हा शब्द रूढ होत आहे, परंतु मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात वाकणे आहे पण सावरणे नाही. या लेखात मी ‘तग’ आणि ‘सावरणे’ हे दोन शब्द जोडीने वापरतो.

आलेखातला त्रिकोण

२००३ साली अभियंते मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला एक सुटसुटीत चौकट दिली, आणि आजही बहुतेक मूल्यमापने तिच्याच आधाराने चालतात. कल्पना अशी की आडव्या अक्षावर काळ घ्यावा आणि उभ्या अक्षावर शहराची एखादी सेवा किती टक्के चालू आहे ते मांडावे. भूकंपापूर्वी रेषा शंभराच्या आसपास सरळ चालत असते. भूकंपाच्या क्षणी ती एकदम खाली येते आणि मग हळूहळू वर चढू लागते. ही खाली येणारी रेषा, वर चढणारी रेषा आणि मूळची शंभराची रेषा यांच्यामध्ये जो त्रिकोणासारखा तुकडा सापडतो, त्याचे क्षेत्रफळ म्हणजे शहराने गमावलेले काम. तो तुकडा जितका लहान, तितके शहर अधिक टिकाऊ.

आकडे घालून पाहिले तर याचे महत्त्व ध्यानात येते. समजा, एका शहराचा पाणीपुरवठा भूकंपात १०० वरून ४० टक्क्यांवर आला आणि सारख्या गतीने दुरुस्त होत १० आठवड्यांत पूर्ववत झाला. त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६० गुणिले १० भागिले २, म्हणजे ३००. दुसऱ्या शहराचा पुरवठा त्याहून वाईट, म्हणजे २० टक्क्यांवर आला, पण तिथे सुटे नळ, जोडण्या, यंत्रे आणि कारागीर आधीच तयार होते, त्यामुळे ३ आठवड्यांत सगळे सुरळीत झाले. त्याचे क्षेत्रफळ ८० गुणिले ३ भागिले २, म्हणजे १२०. पहिल्या दिवशी जे शहर अधिक कोलमडलेले दिसले, त्यानेच एकूण कमी गमावले. भूकंपानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतली छायाचित्रे पाहून शहराविषयी मत बनवणे किती फसवे आहे, हे या साध्या गुणाकारातून कळते.

हा त्रिकोण लहान ठेवणारे गुण चार मानले जातात. त्यांपैकी मजबुती हा रेषा किती खाली येईल हे ठरवणारा, तर पर्यायी सोय हा एक रस्ता बंद पडला तर दुसरा हाती असण्याचा. तिसऱ्या गुणाला मी हिकमत म्हणेन, म्हणजे हाताशी असलेली माणसे, पैसा आणि अधिकार वेळेवर योग्य जागी लावण्याची क्षमता, आणि चौथा वेग. शेवटचे दोन गुण काँक्रीटमध्ये नसतात. ते पालिकेच्या कचेरीत, दुरुस्तीच्या करारांत आणि लोकांच्या सवयींत असतात, आणि म्हणूनच मूल्यमापन करताना ते सर्वांत आधी सुटून जातात.

जमीन किती हलेल

मूल्यमापनाची सुरुवात जमिनीपासून होते. इथे एक गफलत नेहमी होते, ती आधी दूर केलेली बरी. बातम्यांत येणारा ६.७ किंवा ७.८ हा आकडा भूकंपाच्या उगमाशी सुटलेल्या ऊर्जेशी निगडित असतो, आणि तो एका अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. परंतु शहराला त्या आकड्याचा फटका जसाच्या तसा बसत नाही. शहराला बसतो तो त्याच्या पायाखालच्या जमिनीचा हादरा, आणि तो अंतरावर, खोलीवर आणि मातीवर ठरतो.

मातीचा प्रताप मेक्सिको सिटीने दाखवला. १९ सप्टेंबर १९८५ च्या ८.० मॅग्निट्यूडच्या भूकंपाचे केंद्र पॅसिफिक किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते. एवढ्या अंतरावर कंपने क्षीण व्हायला हवी होती. मात्र त्या शहराचा मोठा भाग एका जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेला आहे, आणि तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या हेलकाव्याने डोलू लागला. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की झोका उंच जातो, तसे ज्या इमारतींची स्वतःची लय या हेलकाव्याशी जुळली त्या मोडल्या. त्या मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या होत्या. बुटकी जुनी घरे बऱ्याच अंशी वाचली आणि ४४ मजल्यांचा लातिनोअमेरिकाना मनोराही उभा राहिला. म्हणून आज शहराचे मूल्यमापन करताना वस्तीवस्तीतली माती तपासून नकाशा काढतात, कुठे कोणत्या लयीचा हादरा मोठा होईल ते त्यावर दाखवतात, आणि जिथे पाण्याने भिजलेली रेती आहे तिथे ती हादऱ्याने पातळ चिखलासारखी वाहू लागण्याचा धोकाही नोंदवतात. या दुसऱ्या प्रकाराला द्रवीभवन म्हणतात. त्याचा हिसका न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराला बसला. त्याविषयी पुढे येईल.

मग प्रश्न येतो, केवढा भूकंप गृहीत धरायचा. याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही लागतात. पहिले संभाव्यतेचे. ‘४७५ वर्षांत एकदा येणारा हादरा’ ही संज्ञा अनेक देशांच्या बांधकाम संहितांमध्ये रुळलेली आहे. तिचा अर्थ तो हादरा घड्याळ लावून ४७५ वर्षांनी येतो असा नव्हे. इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरले तर त्या अवधीत तेवढा किंवा त्याहून मोठा हादरा बसण्याची शक्यता १० टक्के आहे, असा तिचा खरा अर्थ. दुसरे उत्तर गोष्टीच्या रूपात असते: एक ठरावीक भूकंप घ्यायचा आणि तो झाला तर तासातासाला शहरात काय होईल ते लिहून काढायचे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००८ साली सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर, म्हणजे ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात तिच्यावर, ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप कल्पून दक्षिण कॅलिफोर्नियासाठी असे चित्र मांडले. त्यात सुमारे १,८०० मृत्यू आणि २१३ अब्ज डॉलरचे नुकसान निघाले. संभाव्यतेचा तक्ता वाचून पालिकेचा अधिकारी हलत नाही. मात्र ‘तुमचे पाण्याचे कालवे या प्रस्तरभंगाला ओलांडतात आणि त्या दिवशी ते तुटतील’ हे वाचून तो विचार करू लागतो. माझा कल म्हणूनच दुसऱ्या पद्धतीकडे अधिक आहे.

इमारतींची पाहणी

शहरात लाखो इमारती असतात आणि प्रत्येकीचा हिशेब मांडणे शक्य नसते, म्हणून पहिली चाळणी रस्त्यावरून करतात. प्रशिक्षित अभियंता फूटपाथवर उभा राहून इमारत पाहतो आणि पंधरा-वीस मिनिटांत एक पानी तक्ता भरतो. सांगाडा कशाचा आहे, बांधकाम कोणत्या काळातले आहे, म्हणजे त्या वेळी भूकंपाचे नियम लागू होते की नव्हते, नकाशा चौकोनी आहे की इंग्रजी एल अक्षरासारखा, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे का, शेजारच्या इमारतीशी फट किती आहे आणि दोघींचे स्लॅब एका पातळीत आहेत का, हे तो टिपतो. स्लॅब एका पातळीत नसतील तर हेलकावे घेताना एकीचा स्लॅब दुसरीच्या खांबाला मधोमध ठोकरतो. गच्चीवरचे जड कठडे आणि पाण्याच्या टाक्याही त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

या सगळ्यांत तो सर्वांत अधिक वेळ तळमजल्यापाशी रेंगाळतो. वरच्या मजल्यांवर खोल्यांच्या विटांच्या भिंती असतात, त्यामुळे तो भाग ताठ असतो. तळमजला मात्र गाड्या लावण्यासाठी किंवा दुकानांसाठी मोकळा सोडलेला असतो आणि सगळा भार नुसत्या खांबांवर येतो. जमीन आडवी हलली की वरचे मजले एका ठोकळ्यासारखे हलतात आणि सगळी वाकणूक खालच्या खांबांना सोसावी लागते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या बहुमजली इमारती बसल्या, त्यांच्यात मोकळ्या तळमजल्याचा हा दोष ठळकपणे दिसून आला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ साली अशाच कमकुवत तळमजल्याच्या लाकडी रहिवासी इमारतींना मजबुतीकरण सक्तीचे केले. तळमजल्यावर पोलादी चौकट किंवा ताठ भिंत घालणे हा उपाय तुलनेने स्वस्त असून भाडेकरूंना घर सोडावे न लागता तो बहुधा करता येतो, त्यामुळे मूल्यमापनातून निघालेल्या कामांमध्ये हे काम सहसा अग्रक्रमाने येते.

पाहणीनंतर इमारतींचे प्रकार पाडतात आणि प्रत्येक प्रकारासाठी एक वक्र वापरतात: अमुक हादऱ्याला या प्रकारच्या शंभरातल्या किती इमारतींना किरकोळ तडे जातील, किती राहण्याजोग्या उरणार नाहीत आणि किती कोसळतील. हे वक्र जुन्या भूकंपांच्या नोंदी, प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि गणिती प्रतिकृती यांतून बनतात. त्यांत एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे इमारत नियमाप्रमाणे बांधली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात पहाटे ७.८ आणि नऊ तासांनी ७.५ मॅग्निट्यूडचे दोन भूकंप झाले आणि त्या एका देशात ५० हजारांहून अधिक माणसे गेली. तिथली बांधकाम संहिता आधुनिक होती. पण त्याआधी २०१८ साली नियम मोडून झालेल्या बांधकामांना दंड घेऊन कायदेशीर करण्याची मुभा दिली गेली होती. खांबातल्या रिंगा किती अंतरावर बांधल्या आहेत आणि त्यांची टोके काँक्रीटच्या आत वळवली आहेत की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून शहराच्या मूल्यमापनात नियमांचे पुस्तक वाचण्यापेक्षा, बांधकामाच्या जागेवर निरीक्षक खरोखर जातो का आणि गेल्यावर काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे तपासणे अधिक मोलाचे आहे. चिलीमध्ये इमारतीतल्या सांगाड्याच्या दोषांची जबाबदारी ती बांधून विकणाऱ्यावर दहा वर्षे राहते. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ मॅग्निट्यूडच्या महाभूकंपात आणि त्सुनामीत मिळून तिथली जीवितहानी काही शेकड्यांत राहिली. त्या देशाच्या संहितेबरोबर या जबाबदारीचाही त्यात वाटा आहे असे मानले जाते.

उभ्या इमारती आणि रिकामे शहर

क्राइस्टचर्चची हकिकत या विषयात काम करणाऱ्यांना फार अस्वस्थ करणारी आहे. ४ सप्टेंबर २०१० रोजी त्या भागात ७.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, तोही आधी कोणाला ठाऊक नसलेल्या प्रस्तरभंगावर. त्यात शहर बऱ्यापैकी वाचले. मग २२ फेब्रुवारी २०११ रोजी ६.२ मॅग्निट्यूडचा धक्का शहराच्या अगदी जवळ आणि कमी खोलीवर बसला आणि १८५ माणसे गेली. त्यांतली ११५ एकाच सहा मजली कार्यालयीन इमारतीत होती, आणि सप्टेंबरच्या भूकंपानंतर त्या इमारतीला वापरास हरकत नसल्याची हिरवी चिठ्ठी मिळालेली होती. एका हादऱ्यानंतर दुसरा येतो आणि तो आधीच दुखावलेल्या शहरावर येतो, ही गोष्ट तोपर्यंतच्या बहुतेक मूल्यमापनांत धरलेलीच नव्हती.

त्याहून खोल धडा पुढे आहे. आधुनिक संहितेनुसार बांधलेल्या बहुतेक इमारतींनी आपले ठरवून दिलेले काम चोख केले, म्हणजे त्या कोसळल्या नाहीत आणि आतली माणसे बाहेर आली. परंतु त्यांची रचनाच अशी असते की मोठ्या हादऱ्यात बीमच्या टोकांशी सळया ताणल्या जाव्यात, काँक्रीटला तडे जावेत आणि त्या मोडतोडीत भूकंपाची ऊर्जा खर्ची पडावी. माणूस वाचवण्यासाठी इमारत स्वतः झिजते. नंतर त्या ताणलेल्या सळयांत किती जीव उरला आहे हे कोणी खात्रीने सांगू शकेना, जमीन काही ठिकाणी द्रवीभवनाने खचलेली, आणि विम्याची भरपाई अशा स्वरूपाची की दुरुस्तीपेक्षा पाडणे मालकांना परवडत होते. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या हजाराहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. त्या भागात लोकांना जाऊ न देण्यासाठी घातलेले कडे टप्प्याटप्प्याने आकसत जून २०१३ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने, पूर्ण उठला. दुकाने आणि कचेऱ्या तोवर उपनगरांत गेल्या होत्या. संहितेने दिलेला शब्द पाळला, पण नागरिकांनी तो शब्द वेगळाच ऐकला होता: त्यांना वाटत होते की ‘भूकंपरोधक’ म्हणजे भूकंपानंतर वापरता येईल अशी इमारत. हा गैरसमज उघडपणे दूर करणे ही मूल्यमापन करणाऱ्यांची जबाबदारी आहे असे मी मानतो, आणि ती फार कमी ठिकाणी पार पाडली जाते.

त्यानंतर ‘माणूस वाचला का’ या प्रश्नाच्या जोडीला ‘इमारत किती दिवसांत पुन्हा वापरता येईल’ हा प्रश्न अभियंत्यांच्या हिशेबात ठळकपणे आला. त्यात तडे बुजवण्याचा वेळ हा एक भाग असतो आणि अनेकदा तो छोटा असतो. तपासणीसाठी अभियंता मिळण्याची वाट पाहणे, परवानगी, कर्ज, कंत्राटदार आणि उद्वाहनाचे सुटे भाग यांत महिने जातात. सॅन फ्रान्सिस्कोत इमारतीचे मालक भूकंपापूर्वीच एखाद्या अभियंत्याशी करार करून ठेवू शकतात. त्या अभियंत्याला इमारत आधीच ठाऊक असते आणि भूकंपानंतर तो पालिकेच्या वतीने तिची तपासणी करून चिठ्ठी लावू शकतो. यात एक गोणीही सिमेंट लागत नाही आणि आलेखावरचा त्रिकोण मात्र लहान होतो.

जमिनीखालचे शहर

पाणी, वीज, गॅस, मैला, दूरध्वनी आणि रस्ते यांना जीवनवाहिन्या म्हणतात, आणि त्यांचे मूल्यमापन एकेकट्याने करता येत नाही. पाण्याच्या पंपाला वीज लागते, विजेच्या दुरुस्ती पथकाला रस्ता आणि इंधन लागते, इंधनाच्या पंपाला पुन्हा वीज लागते, मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरते आणि मग पथकांना एकमेकांशी बोलता येत नाही. प्रत्येक खात्याने आपापला अहवाल ‘आम्ही तीन दिवसांत सुरू करू’ असा दिला, तरी ते तीन दिवस बाकीची खाती चालू आहेत असे धरून सांगितलेले असतात. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून ही साखळी कागदावर काढणे हे मूल्यमापनातले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

पाण्याचा संबंध तहानेइतकाच आगीशी असतो. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाने मुख्य जलवाहिन्या फुटल्या, आग तीन दिवस जळत राहिली आणि शहराचा बहुतेक नाश तिनेच केला. त्यानंतर शहराने फक्त आग विझवण्यासाठी उच्च दाबाचे वेगळे जाळे उभारले. १७ ऑक्टोबर १९८९ च्या ६.९ मॅग्निट्यूडच्या भूकंपात तेही काही ठिकाणी फुटले आणि समुद्रकाठच्या मरीना भागात आग लागली तेव्हा नळांना दाब नव्हता. त्या वेळी फिनिक्स नावाची अग्निशमन नौका किनाऱ्याला लागली आणि रस्त्यावर अंथरलेल्या होजमधून तिने खाडीचे पाणी आगीपर्यंत पोहोचवले. ‘पर्यायी सोय’ हा शब्द अहवालात कोरडा वाटतो. मरीनात तो एका नौकेच्या आणि होजच्या रूपाने दिसला.

नळ कशाचा आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. क्राइस्टचर्चमध्ये जुने ठिसूळ नळ जागोजागी तुटले, तर लवचीक पॉलिएथिलीनचे नळ खचलेल्या जमिनीतही जवळजवळ शाबूत राहिले. जपानमध्ये सांध्यापाशी लांबणारे आणि वळणारे, तरीही निसटणार नाहीत असे लोखंडी नळ वापरतात. त्याच क्राइस्टचर्चमध्ये ओरायन या वीज वितरण कंपनीने आधीच्या वर्षांत उपकेंद्रांच्या मजबुतीकरणावर सुमारे ६० लाख न्यूझीलंड डॉलर खर्च केले होते, कारण १९९० च्या दशकात शहरातल्या अभियंत्यांनी जीवनवाहिन्यांची एकत्र पाहणी करून कच्चे दुवे दाखवून दिले होते. भूकंपानंतर काढलेल्या अंदाजानुसार त्या खर्चाने कंपनीचे ३ ते ५ कोटी डॉलर वाचले. मूल्यमापनाचा अहवाल कपाटात न राहता कामाला लागला तर काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

शेजार, तात्पुरती घरे आणि बंदर

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधील कोबे शहराला भूकंपाचा धक्का बसला. या आपत्तीत ६,४३४ माणसे गेली. वीज साधारण आठवड्याभरात आली. पाणी आणि गॅस पूर्ववत व्हायला जवळपास तीन महिने लागले. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले, कारण सरकारी पथके पोहोचेपर्यंत पहिले मोलाचे तास संपलेले होते. नागाता प्रभागात आगीने मोठा विध्वंस केला, पण त्यातल्या मानो या वस्तीत रहिवाशांनी बादल्यांची रांग लावली आणि जवळच्या कारखान्याच्या अग्निशमन पथकाच्या साथीने आग पसरू दिली नाही. तिथले लोक कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध आणि वस्तीच्या सुधारणेसाठी कित्येक वर्षे एकत्र काम करत आलेले होते. त्या सकाळी कोणाला हाक मारायची हे त्यांना ठाऊक होते.

उलट तात्पुरत्या घरांचे वाटप वयोवृद्धांना प्राधान्य देऊन सोडतीने झाले. हेतू न्यायाचा होता, पण त्यामुळे शेजार विखुरले आणि पुढच्या काही वर्षांत त्या घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसे एकटी, कोणाच्या नकळत मरण पावली. भूकंपात न मेलेल्या माणसांचे हे मृत्यू सावरण्याच्या आलेखावर कुठे मांडायचे? कोबेचे बंदरही असाच प्रश्न उभा करते. ते दोन-एक वर्षांत दुरुस्त झाले, धक्के आणि क्रेन पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या, परंतु तोवर जहाजांनी दुसरी बंदरे धरली होती आणि जगातल्या कंटेनर बंदरांमधले त्याचे अग्रस्थान पुन्हा आले नाही. म्हणून ‘पूर्ववत’ या शब्दापाशी थांबून, काय पूर्ववत झाले आणि कोणासाठी, असे विचारावे लागते. भाडेकरू, एकटे राहणारे वृद्ध, रोजंदारीवरची माणसे आणि विमा नसलेली कुटुंबे यांचा आलेख शहराच्या सरासरीच्या बराच खाली रेंगाळतो.

गुण देण्याची अडचण

एवढी माहिती जमल्यावर शहराला एक गुण द्यावा असा मोह होतो. १९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रेचल डेव्हिडसन यांनी धोका, वस्ती, दुर्बलता, बाह्य संदर्भ आणि आपत्कालीन तयारी यांना भार देऊन शहरांची तुलना करणारा निर्देशांक मांडला, आणि त्यानंतर असे अनेक निर्देशांक आले. तुलनेला ते उपयोगी आहेत. मात्र सरासरीत एक खोड असते: शहराच्या शाळा, रस्ते, वीज सगळे उत्तम असून पाणी एकाच बोगद्यातून येत असेल आणि तो बोगदा प्रस्तरभंगावर असेल, तरी एकूण गुण चांगलेच पडतात. साखळीचा कच्चा दुवा बेरजेत लपतो.

टोकियो महानगर प्रशासन १९७५ पासून साधारण पाच-पाच वर्षांनी जी पाहणी करते, तिची रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. संपूर्ण शहराला एक गुण देण्याऐवजी पाच हजारांहून अधिक लहान वस्त्यांना १ ते ५ श्रेणी देतात. इमारती कोसळण्याचा धोका आणि आगीचा धोका वेगवेगळा दाखवतात, आणि अरुंद गल्ल्यांमुळे बंब व रुग्णवाहिका पोहोचण्यात येणारी अडचणही हिशेबात घेतात. नकाशा सर्वांना खुला असतो, त्यामुळे रहिवासी आपली गल्ली शोधून पाहू शकतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०१३ साली आणखी धीट पद्धत वापरली. तिथे प्रत्येक सेवेसमोर दोन खुणा केल्या आहेत, एक ती किती काळात सुरू व्हायला हवी याची आणि दुसरी आजच्या स्थितीत किती काळ लागेल याची. किनारपट्टीवर विजेसाठी आजचा अंदाज तीन ते सहा महिने असा लिहिला आहे. सरकारी कागदावर स्वतःविषयी इतके अप्रिय वाक्य लिहायला धैर्य लागते, आणि दोन खुणांमधले ते अंतर म्हणजेच पुढच्या अनेक वर्षांच्या कामाची यादी असते.

कॅलिफोर्नियाने नॉर्थरिजनंतर रुग्णालयांसाठी जो कायदा केला, त्यात हे अंतर टप्प्याटप्प्याने मिटवण्याचा क्रम आहे. आधी इमारत कोसळता कामा नये, मग नळ्या, यंत्रे आणि छतातली जोडकामे जागच्या जागी घट्ट राहिली पाहिजेत, आणि शेवटच्या पायरीवर, जिच्यासाठी २०३० ची मुदत ठेवण्यात आली, रुग्णालयाच्या आवारातच ७२ तास पुरेल एवढे पाणी, तेवढेच तास सांडपाणी साठवण्याची सोय आणि जनरेटरसाठी तितक्याच तासांचे इंधन असले पाहिजे.